हा भाला दिला कोणी? केल्टिक शस्त्ररिवाज आणि खेळांतले समाज

आमच्या शाळेत शनिवारच्या छंद-तासाला कॅडेटांचा एक गट खेळ रचतो. कुणी कागदावर नकाशा काढून फाशांनी खेळायचा खेळ करतो, कुणी संगणकावर. इतिहास शिकवत असल्यामुळे हे खेळ तपासायला माझ्याकडे येतात. नकाशे छान असतात. डोंगर, नद्या, गढ्या, राजघराण्यांच्या वंशावळी, सगळे काही असते. शस्त्रांची यादी तर दोन-दोन पाने भरते: कोणत्या तलवारीने किती इजा होते, कोणत्या भाल्याचा पल्ला किती. मग मी एक प्रश्न विचारतो आणि बहुधा शांतता पसरते. "हा भाला या माणसाला दिला कोणी, आणि त्याच्याकडून तो काढून कोण घेऊ शकतो?"

खरे तर सैनिकी शाळेत हा प्रश्न आधी सुचायला हवा. एनसीसीची रायफल कोतमधून सही करूनच बाहेर येते आणि नंबर तपासूनच आत जाते. रेंजवर एक रिकामे काडतूस कमी भरले तर ते सापडेपर्यंत उस्ताद कुणाला हलू देत नाहीत. खऱ्या जगात शस्त्राभोवती असे नियमांचे कुंपण असते. खेळात मात्र तलवार झाडाला लागलेल्या कैरीसारखी मिळते, आणि तिने कुणाला मारले तर मेलेल्याचे कुणी नातेवाईक नसतात.

खेळातला समाज खरा वाटायला हवा असेल तर एखाद्या खऱ्या समाजाचा कायदा वाचावा, असे मी सांगतो. यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेले उदाहरण युरोपातल्या केल्ट लोकांचे आहे. त्यांच्याकडे शस्त्र हा मानाचा, धर्माचा आणि कायद्याचा विषय होता, आणि त्याबद्दलची माहितीही पुष्कळ शिल्लक आहे.

आधी एक इशारा. "केल्ट" हा एक देश किंवा एक काळ नव्हे. आजच्या फ्रान्समधले गॉल लोक इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत रोमशी लढले. आयर्लंडचे कायदे लिहिले गेले ते सातव्या-आठव्या शतकात, म्हणजे सीझरनंतर सात-आठशे वर्षांनी. वेल्समधले कायदे दहाव्या शतकातल्या हवेल द्दा या राजाच्या नावाने ओळखले जातात. भाषा एका कुळातल्या, पण समाज वेगवेगळे. शिवाय गॉलबद्दल सांगणारे बहुतेक ग्रीक किंवा रोमन. सीझर तर त्यांना जिंकायलाच गेला होता, त्यामुळे शत्रू जितका भयंकर दिसेल तितका त्याचा विजय मोठा. आयर्लंडचे कायदे मात्र त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच पंडितांनी लिहिले. तरी ते ख्रिस्ती मठांच्या छायेत लिहिले गेले हे विसरू नये. खेळ रचताना यांतले एक ठिकाण आणि एक काळ निवडा. सगळे एका पातेल्यात टाकले की खिचडीही धड होत नाही.

आता गॉलकडे. इ. स. पू. २१८ मध्ये हॅनिबल इटलीकडे निघाला, तेव्हा त्याला वाट देऊ नका असे सांगायला रोमचे दूत गॉलमध्ये गेले. लिव्ही हा इतिहासकार सांगतो की सभेला सगळे शस्त्रे घेऊन आलेले पाहून दूत दचकले. तिथला रिवाजच तसा होता. दुसऱ्याचे युद्ध आपल्या शेतात आणायची ती विनंती ऐकून सभेत हशा पिकला, असेही तो लिहितो.

सशस्त्र सभा म्हणजे गोंधळ, असे वाटेल. पण स्ट्रॅबो हा भूगोलकार त्या सभांची शिस्त सांगतो. बोलणाऱ्याच्या मध्ये कुणी ओरडला तर एक सेवक उपसलेली तलवार घेऊन त्याच्याजवळ जाई आणि त्याला गप्प राहायला सांगे. तरी ऐकले नाही तर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. त्यानंतर तो त्या माणसाच्या अंगावरच्या वस्त्राचा एवढा तुकडा कापून घेई की उरलेले वस्त्र कामाचेच राहू नये. रक्ताचा थेंब नाही, पण घरी जाताना साऱ्या गावाला कळावे. मला ही शिक्षा फार आवडते. आमच्या गटातल्या एका कॅडेटने ती जशीच्या तशी आपल्या खेळात घेतली: सभेत तीनदा नियम मोडणाऱ्या खेळाडूचे "वस्त्र" पत्त्याच्या रूपात काढून घेतले जाते, आणि पुढच्या सभेत त्याचे मत अर्धे मोजले जाते.

सीझरने सांगितलेली दुसरी सभा मात्र थरकाप उडवणारी आहे. इ. स. पू. ५४ मध्ये ट्रेव्हेरी टोळीच्या इंदुतिओमारसने शस्त्रसभा बोलावली. अशी सभा म्हणजे युद्धाचा आरंभ. सर्व प्रौढ पुरुषांनी शस्त्रे घेऊन यायचे, आणि जो सर्वांत शेवटी पोचेल त्याला सर्वांसमक्ष हालहाल करून मारायचे, असा रिवाज सीझर नोंदवतो. फॉल-इनला उशिरा येणाऱ्यांनी हे वाचून आपल्या उस्तादांचे आभार मानावेत. सीझरचा हेतू लक्षात घेऊनही खेळ रचणाऱ्याने यातून एक गोष्ट उचलावी: सैन्य गोळा करण्याची किंमत. बटण दाबले आणि पाचशे भालाईत उभे राहिले, असे कुठल्याच समाजात होत नाही. लोकांना घराबाहेर काढायला मान, भीती, नाते किंवा कर्ज यांतले काहीतरी लागते.

पालकांसाठी एक नोंद. सीझर म्हणतो की मुलगा शस्त्र धरण्याच्या वयाचा होईपर्यंत गॉल लोक त्याला चारचौघांत आपल्याजवळ येऊ देत नसत. लहान मुलगा बापासमोर लोकांत उभा राहणे लाजिरवाणे मानले जाई. आपल्याकडच्या पालकभेटीच्या रविवारी डबे घेऊन येणाऱ्यांना हे पटणार नाही. स्ट्रॅबो आणखी एक सांगतो: तरुणाचे पोट ठरलेल्या कंबरपट्ट्याच्या मापाबाहेर गेले तर त्याला दंड होई. हे मात्र आपल्या पीटीवाल्यांना पटेल.

युद्ध संपल्यावर शस्त्राचे काय होते? खेळांत याचे उत्तर ठरलेले असते: जिंकणारा लूट उचलतो आणि अधिक बलवान होतो. गॉलमध्ये बरेचदा असे होत नसे. विजयानंतर लूट पवित्र जागी ढीग करून देवाला वाहिली जाई, आणि त्यातले काही लपवणाऱ्याला किंवा उचलणाऱ्याला सर्वांत कडक शिक्षा होई, असे सीझर लिहितो. हे बोलणे पोकळ नव्हते याचा पुरावा जमिनीतून निघाला आहे. उत्तर फ्रान्समध्ये गुर्ने-स्युर-आरोंद येथे इ. स. पू. तिसऱ्या शतकातले एक देवस्थान उकरले गेले. त्याच्या खंदकात दोन हजारांच्या आसपास शस्त्रे आणि त्यांचे भाग सापडले. तलवारी मुद्दाम वाकवलेल्या, ढाली फोडलेल्या, म्हणजे पुन्हा कुणाच्याच कामाला येऊ नयेत अशा. स्वित्झर्लंडमधल्या ला तेन येथे १८५७ मध्ये सरोवराचे पाणी ओसरले तेव्हा तळात तलवारींचा मोठा साठा दिसला. त्या ठिकाणाच्या नावावरूनच केल्टिक संस्कृतीच्या एका कालखंडाला नाव पडले.

तिसरे ठिकाण आपल्याशी, म्हणजे लष्कराशी, जरा जवळचे आहे. १९४२ मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटावर ब्रिटिश वायुसेनेच्या व्हॅली विमानतळाचे काम चालू होते. वाळू बसवण्यासाठी जवळच्या ल्लिन केरिग बाख या तळ्याकाठची दलदलीची माती काढून पसरत होते. त्या मातीत एक लोखंडी साखळी निघाली. चिखलात रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढायला ती साखळी वापरली गेली आणि तिने ते काम चोख केले! नंतर कळले की ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, गुलामांच्या गळ्यांत अडकवायची साखळी आहे. त्या दलदलीतून तलवारी, भाले, रथांचे भाग असे दीडशेहून अधिक नग निघाले. तेही पाण्याला वाहिलेले.

आपण खंडेनवमीला शस्त्र पुसतो, गंध लावतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. ते शस्त्र वाकवून पाण्यात सोडत. खेळात हा नियम घालून पाहा. जिंकलेल्या तलवारींचा ठरावीक हिस्सा तळ्यात सोडावाच लागतो. सोडला तर मान वाढतो, लपवला तर बळ वाढते, पण पकडले गेलात तर टोळीच तुम्हाला बाहेर काढते. आता खेळाडूपुढे खरी अडचण उभी राहते. तळ्याकाठी उभे राहून तो विचार करतो, आणि खेळात विचार करायला लावणारा क्षण मिळणे सोपे नाही.

आयर्लंडमध्ये तलवारीला आणखी एक काम होते: साक्ष देण्याचे. कू खुलिन या वीराच्या एका कथेत सण साजरा करताना योद्धे आपापले पराक्रम सांगतात. किती शत्रू मारले याचा पुरावा म्हणून मारलेल्यांच्या जिभांची टोके आणायची पद्धत, पण काही जण आकडा फुगवायला गुरांच्या जिभा मिसळत! म्हणून बोलताना प्रत्येकाने तलवार मांडीवर ठेवायची. खोटे बोलला तर तलवार त्याच्यावरच उलटेल, अशी समजूत. फुशारकीचा आकडा तपासण्याची गरज किती जुनी आहे पाहा. जुन्या आयरिश भाषेत शस्त्रांना "गश्केद" म्हणत. हा शब्द भाला आणि ढाल या दोन शब्दांचा जोड. पुढे त्याचा अर्थ पराक्रम असा झाला.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे कायद्याकडे येतो. इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

आयर्लंडमध्ये "तुआथ" नावाची छोटी छोटी राज्ये होती. पोलीस नव्हते, तुरुंग नव्हते. न्याय सांगणारे जाणकार असत, त्यांना आज इंग्रजीवरून ब्रेहन म्हणतात. प्रत्येक स्वतंत्र माणसाला एक किंमत होती. तिचे नाव "लोग नेनेख", शब्दशः चेहऱ्याची किंमत. आपणही अब्रूचा संबंध तोंडाशी जोडतो: तोंड दाखवायला जागा उरली नाही, म्हणतो. ही किंमत गुरांत मोजत. दुभत्या गाईच्या निम्म्या किमतीला एक "शेद". सुमारे इ. स. ७०० च्या "क्रीथ गॅब्लाख" या ग्रंथात कोणाची किंमत किती हे पायरीपायरीने दिले आहे. बऱ्यापैकी गुरे बाळगणाऱ्या शेतकऱ्याची पाच शेद, म्हणजे अडीच गाई. तुआथच्या राजाची सात कुमल.

कुमल म्हणजे काय, हे कॅडेटांपासून लपवण्यात अर्थ नाही. कुमल म्हणजे गुलाम स्त्री. तीच हिशेबाचे एकक झाली होती, आणि तिची किंमत साधारण तीन दुभत्या गाई धरत. या कायद्यांचे कौतुक करताना त्या साखळीकडेही पाहायला हवे. चेहऱ्याची किंमत होती ती स्वतंत्र माणसाला. गुलामाला मारले तर भरपाई मिळे ती मालकाला. खेळात केल्टिक समाज उभा करून त्यातले गुलाम गाळणे मला पटत नाही. त्यांना पत्त्यांसारखे विकायला ठेवणे तर त्याहून नाही. आमच्या गटाने यावर बरेच तास वाद घातला आणि शेवटी असा नियम केला की पकडलेला प्रत्येक माणूस नाव घेऊन येतो, आणि त्याची टोळी त्याला सोडवायला येऊ शकते.

खून झाला तर काय? स्वतंत्र माणसाच्या खुनासाठी "एरिक" म्हणजे देहाची भरपाई सात कुमल, साधारण एकवीस गाई. मारलेला गरीब असो वा श्रीमंत, हा आकडा तोच. शिवाय मृताच्या नातेवाइकांचा मान दुखावला म्हणून त्यांच्या चेहऱ्याच्या किमतीप्रमाणे वेगळी रक्कम. खुनी एकटा भरू शकला नाही तर त्याच्या भाऊबंदांना भरावे लागे. म्हणून घरातला तापट मुलगा ही साऱ्या भावकीची चिंता. कुणीच भरले नाही तर खुनी मृताच्या कुळाच्या ताब्यात जाई. ते त्याला गुलाम करत किंवा मारत. आणि खून करून प्रेत लपवले तर भरपाई दुप्पट. या शेवटच्या नियमाने आमच्या खेळाचा रंगच पालटला. मारणाऱ्याला आता ठरवावे लागते: उघडपणे कबूल करून एकवीस गाई द्यायच्या, की लपवून बेचाळीसचा जुगार खेळायचा.

जखमांचा कायदा याहून बारीक आहे. जखम किती मोठी हे धान्याच्या दाण्यांनी मोजत: तिच्यावर किती दाणे बसतात ते पाहायचे. पण दाणा सगळ्यांना एकच नाही. राजा किंवा बिशप असेल तर गव्हाचा, खालच्या माणसाला वाटाणा किंवा घेवड्याचा. गणितवाल्यांनी पाहावे: समजा जखम सहा सेंटिमीटर. सहा मिलिमीटरचा गव्हाचा दाणा धरला तर दहा दाणे, पंधरा मिलिमीटरचा घेवडा धरला तर चारच. तीच जखम, तेच रक्त, आणि भरपाई अडीचपट. विषमता सांगायला याहून लहान वस्तू मला माहीत नाही.

तरी याच समाजात एक नियम असा होता की तो आजच्या कुठल्याही खेळात मी पाहिलेला नाही. जखमी माणसाला नऊ दिवस त्याच्या घरी ठेवत. नवव्या दिवसानंतर वैद्य निर्णय देई. माणूस जगणार पण शुश्रूषा हवी असे ठरले तर ती जबाबदारी जखम करणाऱ्यावर. त्याने जखमीला तिसऱ्याच कुणाच्या घरी ठेवायचे, त्याच्या दर्जाप्रमाणे जेवण द्यायचे, वैद्याचा खर्च करायचा, आणि जखमीच्या शेतातले काम अडू नये म्हणून बदली माणूसही द्यायचा. त्या घरात खेळांचा गलका नको, मुलांना मारणे नको, कुत्री झुंजवणे नको, इतके सगळे लिहून ठेवले आहे. या प्रथेचे नाव "ओथ्रस". क्रीथ गॅब्लाख लिहिला गेला तोवर ती मागे पडून तिच्या जागी रक्कम देणे सुरू झाले होते. पण खेळ रचणाऱ्याला तिच्यात खजिना आहे. ज्याला तुम्ही काल भोसकलेत त्याच्या जेवणाची सोय आज तुम्हाला करायची आहे! आमच्या खेळात जखम करणाऱ्या खेळाडूचा एक माणूस तीन डाव जखमीच्या शेतावर राबतो. हा नियम आल्यापासून मुले भाल्याऐवजी आधी बोलणी करू लागली. उपदेश केला असता तर हे झाले नसते.

राजालाही सूट नव्हती. क्रीथ गॅब्लाख सांगतो की राजाला पळताना पाठीवर, मानेच्या मागे वार बसला तर त्याला सामान्य माणसाएवढीच भरपाई मिळेल. राजा कुदळ, कुऱ्हाड किंवा मोगरी घेऊन कामाला लागला तरी त्याची किंमत खाली येई. पाठीच्या वाराचा नियम आपल्याला लगेच कळतो, कुदळीचा कळत नाही. श्रमदानाच्या दिवशी स्वतः फावडे घेणारे अधिकारी पाहिलेल्या आपल्या मुलांना तो चमत्कारिकच वाटतो. पण खेळात असे दोन्ही प्रकारचे नियम हवेत. ज्या समाजाचे सगळेच नियम आपल्याला पटतात तो समाज दुसऱ्यांचा नव्हे, आपलाच आहे, फक्त कपडे बदलून.

एका कॅडेटने चाचणीच्या वेळी नेमके बोट ठेवले. "सर, मग श्रीमंताला खून परवडतो." तो बरोबर होता. ज्याच्याकडे दोनशे गाई आहेत त्याला एकवीस म्हणजे काहीच नाही, आणि आमच्या खेळात एका हाऊसची मुले तेच करू लागली होती: गाई साठवायच्या आणि माणसे मारायची. पण आयरिश कायद्याने संपत्ती आणि चेहरा या दोन गोष्टी पुरत्या एक केल्या नव्हत्या. माणसाच्या शपथेचे वजन त्याच्या चेहऱ्याच्या किमतीएवढे. त्या किमतीपलीकडचा करार तो स्वतःच्या बळावर करू शकत नसे, त्याहून मोठ्या रकमेला जामीनही राहू शकत नसे. आणि ही किंमत गमावता येई: विश्वासघात केला, पाहुण्याला दार बंद केले, किंवा कवीने केलेल्या रास्त निंदेला उत्तर दिले नाही, तर. म्हणजे गाई तशाच राहिल्या तरी त्यांचा व्यवहार करायला कुणी तयार होत नसे. आम्ही खेळात "चेहरा" हा वेगळा आकडा ठेवला. तो शून्यावर आलेल्या खेळाडूशी कुणीही करार करायचा नाही. गाई असून त्याला बियाणे मिळत नाही, सोयरीक होत नाही, लढाईत साथ मिळत नाही. दोनशे गाईंचा तो मालक चौथ्या डावात बियाण्यासाठी सगळ्यांच्या दारात हिंडत होता.

गरिबाने बलवानाकडून येणे कसे वसूल करायचे? त्यालाही उत्तर होते. तो सरदाराच्या दाराशी उपाशी बसे. सरदाराने दखल न घेता जेवण केले तर त्याचीच बाजू कायद्यात पडे. हेन्री मेन हे कायदेपंडित १८६० च्या दशकात कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होते. त्यांनी १८७५ च्या आपल्या ग्रंथात या आयरिश उपोषणाची तुलना भारतातल्या "धरणे धरून बसण्या"शी केली. धरणे हा शब्द आपल्याला समजावून सांगायला नको.

शेवटी ज्या कायद्यासाठी मी हा विषय मुद्दाम लष्करी शाळेत शिकवतो, त्याकडे येतो. इ. स. ६९७ मध्ये आयर्लंडमधल्या बर्र येथे एक सभा भरली. आयोना मठाचा नववा मठाधिपती अदोम्नान याने तिथे एक कायदा मांडला: युद्धात स्त्रिया, मुले आणि धर्मसेवक यांना मारायचे नाही. त्याला "निरपराधांचा कायदा" म्हणतात. मारणाऱ्याला शिक्षा होतीच. जवळ उभा राहून पाहणाऱ्याने, अडवणे शक्य असून, अडवले नाही तर तोही दोषी. या कायद्याला एक्याण्णव जामीनदार होते, आयर्लंड आणि स्कॉटलंडमधले राजे आणि मठाधिपती, आणि त्यांची नावांची यादी आजही आहे. म्हणजे एकमेकांशी लढणाऱ्यांनीच एकत्र हमी दिली. आपण कॅडेटांना १९४९ चे जिनिव्हा करार आणि भारताचा १९६० चा जिनिव्हा करार कायदा शिकवतो. त्याच्या बाराशे-साडेबाराशे वर्षे आधीची ही गोष्ट. सगळीकडे पाळला गेला का? नाही. पण कुणीतरी मोडला तर तो मोडला असे म्हणता येऊ लागले.

आपल्या मुलांच्या मोबाइलवरच्या किती खेळांत गोळीबारात सापडलेला गावकरी हा गावकरी असतो? बहुतेक ठिकाणी तो नसतोच. रस्ते रिकामे असतात, म्हणजे प्रश्नच नको. उद्या खरा हुकूम देणाऱ्या मुलांच्या सवयीत रिकामे रस्ते बसू नयेत असे मला वाटते. म्हणून आमच्या गटात नकाशावर सैनिकांच्या सोंगट्या ठेवायच्या तर गावकऱ्यांच्याही ठेवाव्या लागतात.

आयरिश सरदारांनाही खेळाचे महत्त्व कळत होते, हे जाता जाता सांगायला हवे. मुले दुसऱ्याच्या घरी वाढायला देत, आणि तिथे काय शिकवायचे हेही कायद्यात होते. सरदाराच्या मुलाला घोडेस्वारी, पोहणे, नेमबाजी आणि पटावरचे खेळ. शेतकऱ्याच्या मुलाला कोकरे राखणे, लाकूड फोडणे. पटावरच्या एका खेळाचे नाव "फिदखेल". त्यातला "खेल" आपला नव्हे हं. लाकूड आणि बुद्धी या अर्थाचे ते दोन शब्द आहेत. मुलांच्या खेळात झालेल्या इजेसाठीही वेगळा कायदा होता: कोणत्या खेळातली इजा माफ, कोणत्यात शुश्रूषेचा खर्च, कोणत्यात पूर्ण दंड. आपल्या बॉक्सिंगवाल्यांनी यावर विचार करावा.

पुढच्या सत्रात आम्ही अदोम्नानचा कायदा पटावर आणणार आहोत. नियम असा: कायदा तेव्हाच लागू होईल जेव्हा प्रत्येक टोळी हमी म्हणून आपल्या पाच गाई मधल्या गोठ्यात बांधेल. एखाद्या टोळीने गावकरी मारला तर तिच्या गाई जप्त. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत आहे. अडले आहे ते पुढे. जप्त करायला जायचे कुणी? मोडणारी टोळी सर्वांत बलवान असेल तर? आणि शेजारी उभ्या असलेल्या, पण मध्ये न पडलेल्या टोळीच्या पाचांपैकी किती गाई घ्यायच्या? आठवी ते बारावीच्या ज्या कॅडेटांना यात भाग घ्यायचा आहे त्यांनी सुट्टीत विचार करून यावे. सीझर सांगतो की ड्रुइड वीस-वीस वर्षे शिकत आणि काहीच लिहून ठेवत नसत. तुम्ही मात्र एका पानावर लिहून आणा, कच्चा आराखडा चालेल, आणि पानावर आपले हाऊस व रोल नंबर घालायला विसरू नका.